राखून ठेवलेली जखम

वासाची सवय होते, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. दवाखान्यातल्या मावश्यांनी सांगितलं, वरच्या वर्गातल्या मुलींनी सांगितलं, आमच्या ट्यूटरबाईंनी तर पहिल्याच दिवशी फळ्यासमोर उभं राहून बजावलं. मला ती कधीच झाली नाही. जन्मभर नर्स म्हणून नोकरी केली, आता निवृत्त होऊन घरी बसले, तरी अजून पिकलेल्या जखमेचा तो गोडसर वास नुसता आठवला की मी हातातला घास खाली ठेवते. आमच्या नातेवाइकांना हे खरं वाटत नाही. नर्सला नाकच नसतं अशी त्यांची समजूत आहे. मला होतं, चांगलं तिखट होतं, आणि चादरीखाली काय सडतंय ते मला वॉर्डाच्या दारातूनच कळायचं. त्याचा मला फायदा झाला की तोटा, ते मी अजून ठरवलेलं नाही.

माझं माहेर फुलसावंगीचं, घरची कापूस-तुरीची शेती. शिकायला मात्र मी जिल्ह्यातल्याच दुसऱ्या एका गावी होते. त्या गावाचं आणि दवाखान्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. दवाखान्याला जोडूनच नर्सिंगची शाळा होती. होस्टेलची इमारत दुरुस्तीला काढलेली, म्हणून ज्यांचं कुणी गावात असेल त्यांना बाहेर राहायची परवानगी मिळाली. माझे मामा तिथे कचेरीत होते. मामांचं घर म्हणजे स्वच्छतेचा नमुना. मामी दिवसातून चारदा ओटा पुसायची, आणि चौथ्यांदा पुसताना पहिल्यांदाच पुसतेय असा तिचा आविर्भाव असायचा. मला पुढच्या दाराने आत यायची बंदी होती. मागच्या अंगणातून यायचं, मोरीत शिरायचं, पांढरा युनिफॉर्म सोड्याच्या पाण्यात वेगळा भिजवायचा, डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभं राहायचं. मामी जवळ यायची, माझ्या केसांशी नाक नेऊन हुंगायची आणि पास-नापास ठरवायची. "अजून येऊन राह्यला वास," असं म्हणाली की परत मोरीत. हिवाळ्याचे दिवस होते. जिनिंगची घरघर दिवसभर कानावर असायची, कापसाचे तंतू उडत येऊन ओल्या केसांना चिकटायचे आणि मी कुडकुडत दुसरी बादली अंगावर घ्यायची.

जेवण मात्र मामीच्या हातचं फार चांगलं. तुरीचे ओले सोले घातलेली वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर, पाट्यावर रगडलेला हिरव्या मिरचीचा ठेचा. माझं ताट ती वेगळं ठेवायची, त्याचं मला फारसं वाईट वाटत नव्हतं, कारण भूक एवढी लागलेली असायची की मी त्या ताटाकडे बघतही नसे. फक्त कढी मला जायची नाही. पिवळसर, दाट, वर साय धरलेली कढी वाटीत आली की सकाळचा ड्रेसिंगचा ट्रे डोळ्यांपुढे यायचा. मी वाटी बाजूला सारली की मामी म्हणायची, "नखरे पाहा! तिकडं घाण चिवडते आणि इकडं कढीला नाक मुरडते." तिला काय सांगणार? जे चिवडत होते, तेच वाटीत दिसत होतं.

आमचा वॉर्ड बायकांच्या सर्जरीचा. तिथली घाण दोन प्रकारची होती. एक माणसाच्या शरीराची, तिला इलाज नव्हता आणि तिचा मला रागही नव्हता. दुसरी माणसांनी केलेली. एकाच बादलीतल्या एकाच पाण्याने सगळा वॉर्ड पुसला जायचा, त्यामुळे पुसल्यावर फरशी पुसण्याआधीपेक्षा जास्त चिकट व्हायची. भेटायला येणारे पुरुष आजारी बायकोच्या उशाशी बसून पन्नीत सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटायचे आणि खिडकीतून पिचकारी टाकायचे. निम्मी बाहेर, निम्मी भिंतीवर. राऊंडला येणारे एक डॉक्टर एका बाईचं पोट दाबून तोच हात पुढचीच्या पोटावर ठेवायचे आणि मग रुमालाने कपाळ पुसायचे. मला त्या रुमालाची जेवढी शिसारी यायची, तेवढी बेडपॅनची आली नाही.

आणि या सगळ्यावर आमच्या ट्यूटरबाई. आम्ही त्यांना मागून फिनाईल म्हणायचो. त्या अतिशय टापटिपीच्या होत्या. त्यांच्या साडीची निरी दिवसभरात हलायची नाही. आम्हाला वॉर्डात एकेक पेशंट नेमून दिलेली असायची, तिला 'केस' म्हणायचं, आणि रोज सकाळी ट्यूटरबाई आमचं काम तपासायला यायच्या. चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडलेत का ते बघायच्या. उशीच्या खोळीचं उघडं तोंड दाराच्या विरुद्ध बाजूला आहे का ते बघायच्या, कारण दारातून येणाऱ्या पाहुण्याला ते दिसता कामा नये. पलंगाची चाकं एका दिशेला वळलेली हवीत. त्यात एखादं चाक तिरकं दिसलं की मुलगी वॉर्डात सगळ्यांदेखत रडेपर्यंत बोलणी खायची. चादर उचलून खालच्या बाईकडे मात्र त्यांनी कधी पाहिल्याचं मला आठवत नाही. बोलताना त्या पेशंटच्या डोक्यावरून बोलायच्या, पलंगावर सामान ठेवलेलं असावं तसं.

माझी केस होती गिरजाबाई, आर्णीकडच्या एका खेड्यातली. कापूस भरलेल्या गाडीवर वर बसून जिनिंगला निघालेली, गाडी खड्ड्यात कलंडली आणि ती खाली. मांडीचं हाड मोडलं. पायाला वजनं लावून तिला उताणं निजवलं होतं आणि कुणी कूस बदलली नाही, त्यामुळे कमरेच्या खाली पाठ कुजली. आम्ही त्याला बेडसोअर म्हणतो. मी पहिल्यांदा तिची पट्टी सोडली तेव्हा आत माझी मूठ मावली असती. काळपट कड, हिरवट बोळा, आणि तो वास. मी चिमटा ट्रेमध्ये ठेवला, व्हरांड्यात गेले, ओकले, चूळ भरली आणि परत आले. गिरजाबाईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"घिन आली नं वं पोरी?"

"आली," मी म्हणाले. खोटं बोलायचं मला सुचलंच नाही.

"येतेच. माही पोरगीबी घिनते मले. दारातूनच पाह्यते आन् बापाच्या मांगं लपते."

ते मी नंतर स्वतः पाहिलं. तिचा नवरा दुपट्टा नाकाला लावून पलंगाच्या पायथ्याशी उभा राहायचा आणि पोर वॉर्डाच्या दाराची चौकट धरून. गिरजाबाई तिला बिस्कीट दाखवायची, हाका मारायची. पोर एक पाऊल आत टाकायची आणि नाक धरून उलटी पळायची. तेव्हा त्या बाईच्या तोंडावर जे यायचं, ते बघवत नसे. बाकी तिची कशाचीच तक्रार नव्हती. तिला फक्त आपला वास जायला हवा होता.

मी त्या जखमेच्या मागेच लागले. रोज सकाळी युसॉलच्या जंतुनाशक पाण्याने धुवायची, कुजलेलं कापून काढायचं, कोरडी पट्टी, आणि पायाची वजनं निघाल्यावर दर थोड्या वेळाने कूस बदलायची. ओकायची मी रोज, पण आधी व्हरांड्यात जाऊन, मोकळी होऊन यायची. हळूहळू तळ लाल व्हायला लागला. एके दिवशी पट्टी सोडली आणि वासच आला नाही. नुसता लाल, दाणेदार, ओलसर तळ. एवढी सुंदर गोष्ट मी त्या इमारतीत दुसरी पाहिली नाही. बाहेरगावचे सर्जन महिन्यातून एकदा यायचे. त्यांनी तिला तपासलं आणि मला म्हणाले, "पुढच्या खेपेला हिला कातडी लावून टाकू. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शनिवारी येतोय. पण जखम अशीच पाहिजे. घाण झाली तर मी हात लावणार नाही, मग अजून एक महिना लांबेल." गिरजाबाईने हे ऐकलं आणि त्या दिवसापासून शनिवार तिच्या तोंडी बसला.

परवा माझी नात, ती आता नर्सिंगलाच आहे, फोनवर सांगत होती की त्यांना आधी पुतळ्यावर ड्रेसिंग शिकवतात. रबरी जखम, रबरी पू. मी म्हटलं, फार चांगलं. मग ती म्हणाली, "आणि आज्जी, वॉर्डात मला एवढी मस्त केस मिळाली माहितीये!" मी फोन तिच्या आईकडे दिला. त्या पोरीचं काही चुकलं नव्हतं, सगळेच असं म्हणतात. पण 'मस्त केस' हे दोन शब्द शेजारी शेजारी आले की माझ्या डोक्यात तिडीक जाते, आणि ती का जाते ते सांगण्यासाठीच हे प्रकरण लिहायला घेतलं.

त्या शनिवारच्या आधी गुरुवारी आमची प्रॅक्टिकल परीक्षा होती. मंगळवारी सकाळी मी ट्रॉली घेऊन गिरजाबाईकडे निघाले, तर ट्यूटरबाई आडव्या आल्या.

"राऊत, हिचं ड्रेसिंग आता गुरुवारपर्यंत करायचं नाही."

मला वाटलं, सर्जनचा निरोप असेल.

"परीक्षकांसमोर करायचं आहे ना," त्या म्हणाल्या. "ही एवढी स्वच्छ केलीस तर मुली दाखवतील काय? बोळा ठेवायचा आणि पट्टी गुंडाळायची, संपलं. त्याला कोण मार्क देणार? दोन दिवस बंद ठेव. कूस पण बदलू नको. बरोबर येईल."

बरोबर येईल! भाकरी तव्यावर टाकली आहे असं. आमच्या गावी दोडक्याच्या वेलावर एखादं फळ न तोडता बियाण्यासाठी ठेवतात, कुणी चुकून तोडू नये म्हणून त्याला दोरा बांधतात. तशी या शाळेत परीक्षेसाठी जखम राखून ठेवायची पद्धत होती. वरच्या वर्गातल्या मुलींना ती ठाऊक होती. त्यांच्या परीक्षेलाही ठेवली होती, त्यांच्या आधीच्यांच्याही. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

"सिस्टर, शनिवारी तिचं ऑपरेशन आहे," मी म्हटलं.

"मग शुक्रवार आहे ना मध्ये? शुक्रवारी साफ कर."

"एका दिवसात नाही होणार. परत घाण झाली तर डॉक्टर…"

"तू डॉक्टर झालीस का? नखं दाखव."

मी नखं दाखवली. स्वच्छ होती, म्हणून त्या पुढच्या पलंगाकडे गेल्या. आपलं बोलणं पलंगावरची बाई ऐकू शकते, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

त्या दिवशी घरी जेवताना मी सगळं सांगितलं. सांगायला नको होतं, पण पोटात राहत नव्हतं. मामांनी भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला, सावकाश खाल्ला आणि म्हणाले, "दोनच दिवसांचा तर प्रश्न आहे. तुझं सर्टिफिकेट त्या बाईच्या हातात आहे, बेटा. कचेरीत आम्हीबी साहेब येणार म्हटलं की काही कामं काढून ठेवतो, साहेबाला दिसायला पायजे म्हणून. चालतंच."

"ती फाईल नाही, मामा. बाई आहे. पाठ सडून राह्यली तिची."

"जेवताना काय हे घाणेरडं!" मामी ओरडली, आणि उठून तिने ओटा पुसला. स्वच्छच होता, तरी पुसला. मी तिच्या हातातल्या त्या फडक्याकडे बघत राहिले आणि मला एकदम त्या घराचीच किळस आली. घासलेल्या पितळेची, पुसलेल्या ओट्याची, माझ्या वेगळ्या ताटाची, सगळ्याची. दवाखान्यात पुवाने भरलेल्या हातांनीही मला एवढं मळल्यासारखं वाटलं नव्हतं.

बुधवारी सकाळी वॉर्डाच्या दारातच कळलं. तो वास परत आला होता. गिरजाबाई उताणी पडून होती, डोळे छताला लावून.

"कालपासून कोनी हात नाई लावला," ती म्हणाली. "वास येऊन राह्यला का वं?"

"येऊन राह्यला."

"काहून?"

"उद्या आमची परीक्षा आहे. परीक्षा घेणाऱ्या बाईला घाण जखम दिसली पाहिजे, म्हणून बंद ठेवायला सांगितली."

तिने छताला लावलेले डोळे माझ्याकडे वळवले. मग म्हणाली, "म्हंजे मले नासवून राह्यले? दही लावते तशी?"

मी ट्रॉली ओढली. ट्रॉलीच्या चाकाचा आवाज सगळ्या वॉर्डाला ओळखीचा होता, पोरींनी माना वळवल्या. माझ्या शेजारच्या मुलीने डोळ्यांनी खुणावलं, नको करू म्हणून. पट्टी सोडली तर बोळ्यावर हिरवट डाग. लाल तळावर पिवळी साय धरायला लागली होती. एका दिवसात! मला ओकारी आली नाही, त्या सगळ्या शिक्षणात तो एकच दिवस. राग एवढा होता की ओकारीला जागाच नव्हती. मी धुतलं, पुसलं, पट्टी केली, तिला कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली. दुपारी परत केलं. संध्याकाळी ड्युटी संपल्यावर परत. ट्यूटरबाई त्या दिवशी परीक्षेच्या तयारीत होत्या, वॉर्डात फिरकल्या नाहीत.

"तुले नापास केलं मंग?" गिरजाबाईने विचारलं.

"करू दे."

"मी सांगीन त्या बाईले. मीच करवून घेतलं म्हनीन." ती पहिल्यांदाच हसली. "मले काय करते? मी त आधीच पडेल हावो."

गुरुवारी परीक्षक आल्या. बाहेरगावच्या कुठल्याशा दवाखान्यातल्या वयस्क मेट्रन, सोनेरी काड्यांचा चष्मा. ट्यूटरबाई त्यांच्या मागे. माझं नाव पुकारलं आणि पलंगही तोच सांगितला. मी हात धुतले, ट्रॉली लावली, गिरजाबाईला कुशीवर घेतलं आणि पट्टी सोडली. तळ पुन्हा लाल झाला होता. परीक्षक वाकल्या. चष्मा वर करून त्यांनी जखमेकडे चांगलं निरखून पाहिलं, कडेची कातडी बोटाने दाबून पाहिली.

"फार छान भरतेय," त्या म्हणाल्या. "कोणी केलं ड्रेसिंग?"

"मी. रोज करते. काल पण केलं." काल हा शब्द मी जरा मोठ्यानेच म्हटला.

मी ट्यूटरबाईंकडे पाहिलं. त्यांनी चिडावं, माझ्यावर ओरडावं, असं मला फार वाटत होतं. मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती. पण त्यांचा चेहरा जरासुद्धा हलला नाही.

"यावर काही दाखवता येणार नाही, मॅडम," त्या म्हणाल्या. "तिकडे दुसरी आहे. या."

वॉर्डाच्या शेवटी, खिडकीशी, एका पलंगाला पडदा लावलेला होता. वणीकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे पाड्यावरची, एक म्हातारी सोमवारी भरती झाली होती, पायाला जखम होती, एवढं मला माहीत होतं. बरोबर कुणी नव्हतं आणि तिला मराठी येत नव्हतं. तिची पट्टी कुणीतरी दुसरी मुलगी करत असेल असं मी धरून चालले होते. प्रत्येक मुलगी तसंच धरून चालली होती. ती कुणालाच नेमून दिलेली नव्हती.

ट्यूटरबाईंनी पडदा सारला. परीक्षकांनी रुमाल काढून नाकाला लावला. मी घोट्यापासून पट्टी सोडायला लागले, आणि तिसऱ्या वेढ्याला आत काहीतरी हललं. मग त्या दिसल्या, पांढऱ्या, वळवळणाऱ्या अळ्या, बोळ्यात, बोटांच्या मध्ये. म्हातारी ओरडली नाही. तिने माझ्याकडे बघत एक शब्द म्हटला, दोनदा म्हटला. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही आणि आजही ठाऊक नाही.

"हां," परीक्षक रुमालाआडून म्हणाल्या, "ही चांगली केस आहे. कर सुरू."

मी केलं. एकेक अळी चिमट्याने काढली. मला दुसरं काय करता येण्यासारखं होतं? तिच्या पायाला ते हवं होतं, परीक्षा असो की नसो. बराच वेळ लागला. परीक्षकांनी मध्येच मार्क देऊन टाकले आणि त्या पुढे गेल्या, मी थांबले नाही. पट्टी बांधून ट्रॉली ओढत परत निघाले तेव्हा ट्यूटरबाई वाटेत उभ्या होत्या. त्यांनी माझ्या टोपीची एक पिन नीट केली. अगदी मायेने.

"एकाच केसवर कधी अवलंबून राहायचं नसतं, राऊत," त्या म्हणाल्या. "पुढे तू कुठे ट्यूटर झालीस तर लक्षात ठेव."

मला चांगल्या मार्कांनी पास केलं होतं. त्या मार्कांची जेवढी किळस मला आली, तेवढी त्या अळ्यांची आली नाही. व्हरांड्यात जाऊन मी एवढी ओकले की शेवटी नुसतं पित्त पडलं.

परत आले तर गिरजाबाई कोपरावर रेलून उठायचा प्रयत्न करत होती. वॉर्डाच्या शेवटी तिची नजर लागली होती. पडदा उघडाच राहिला होता.

"त्या बुढीले माह्या जागी ठेवलं व्हतं का वं?"

"तुमच्या जागी नाही," मी म्हटलं. "तुमच्याबरोबर. सोमवारपासून."

"आन् मी कालपासून हासून राह्यली व्हती," ती म्हणाली, आणि तोंडावर पदर घेऊन पडून राहिली.

शनिवारी सर्जन आले आणि तिला कातडी लावली. ती धरली. पोर दोन-चार दिवसांनी पलंगावर चढून बसली आणि आईच्या हातचं बिस्कीट खाऊन गेली. नवी कातडी दबू नये म्हणून गिरजाबाईला पोटावरच निजावं लागायचं, मान एका बाजूला वळवून. डोकं कुठल्या बाजूला करू, असं मी विचारलं, तर तिने खिडकीकडे हात केला. मग रोज सकाळी ट्रॉलीचं चाक वाजलं की माझी असो, दुसऱ्या कुणा मुलीची असो, मागे ट्यूटरबाई उभ्या असोत की नसोत, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात ती पालथी पडूनच ओरडायची, "इकडं कायले येते वं? पह्यले त्या बुढीचं कर!"